सोनगीरचे पितळ आणि मोटारीचा सेन्सर

धुळ्याहून आग्रा रस्त्याने शिरपूरकडे निघाले, की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. गावाला लागून टेकडी आहे आणि टेकडीवर जुन्या किल्ल्याचा पडका तट. इथून एक रस्ता चिमठाण्यावरून दोंडाईचाकडे फुटतो. मोठा रस्ता नरडाण्याच्या बाजूने तापी ओलांडून शिरपूरला आणि पुढे सातपुड्याचा घाट चढून मध्य प्रदेशात जातो. मालमोटारींची रांग रात्रंदिवस चालू असते. त्यामुळे पंक्चरवाले, वायरमन आणि मिस्त्री यांना अशा गावी कामाची वाण नाही.

पण खानदेशात सोनगीरचे नाव झाले ते तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे. हंडा, घागर, परात, पाणी तापवायचा बंब या वस्तूंसाठी लोक सोनगीरचे नाव घेत. पुढे स्टील आले, मग प्लॅस्टिक आले आणि तांबटांच्या हातोड्यांचा आवाज कमी झाला. तरी त्या धंद्यातले शहाणपण आजही उपयोगी पडते.

तांब्याचा पत्रा थंडच ठोकत राहिले तर तो कडक होतो आणि शेवटी चिरतो. म्हणून तांबट थोडे ठोकतो, पत्रा भट्टीत लाल करतो, तो मऊ झाला की पुन्हा ठोकतो. नुसता जोर लावून काम होत नाही, धातूचा स्वभाव ओळखावा लागतो.

हीच गोष्ट आपल्या दारातल्या जुन्या मोटारीला लागू आहे. २००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले, तसे पेट्रोल गाड्यांतले कार्ब्युरेटर गेले आणि सेन्सर आले. मारुती ८०० गाडी २०१४ साली बनायची थांबली, तरी अशा जुन्या गाड्या खेड्यापाड्यांत अजून बाजारहाट आणि दवाखाना करतात. त्यांच्यात एक बोटाएवढा सेन्सर इंजिनाच्या पाण्याची उष्णता मोजतो. त्याचे अंग बहुधा पितळेचे असते आणि तो अ‍ॅल्युमिनियमच्या भागात आट्यांनी बसवलेला असतो.

हा सेन्सर बिघडला की इंजिन गरम असूनही थंडच आहे असे गाडीच्या संगणकाला वाटते. मग पेट्रोल जास्त सुटते, काळा धूर येतो, अ‍ॅव्हरेज घसरते. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी एकदम पाना लावून सेन्सर उपटायला घेतात. वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेले ते आटे क्षाराने धरलेले असतात. जोर केला की पितळेची षटकोनी कड गोल होते, नाही तर सेन्सर मोडून अर्धा आतच राहतो. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले तर काम लेथवर जाते. शेकड्यांत भागणारे काम हजारांत पडते आणि ऐन हंगामात गाडी उभी राहते.

म्हणून आधी तपासावे, मग काढावे. या सेन्सरची तपासणी तो न काढताही होते. गाडी बंद करून त्याची वायरची टोपी काढा. आत हिरवा गंज आहे का, वायर उंदराने कुरतडली आहे का, हे आधी पाहा. खळ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत दोष पुष्कळदा इथेच सापडतो. मग मल्टीमीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन्ही पिनांना लावा. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम दिसतात. वैशाखात ४० अंशांना आकडा हजार-बाराशेच्या आसपास येतो आणि ८० अंशांना तीनशेच्या जवळ. गाडीगणिक आकडे थोडे बदलतात. मुख्य खूण ही, की उष्णता वाढेल तसा आकडा सलग उतरला पाहिजे. तो जागचा हलला नाही, मध्येच उडी मारली किंवा मीटरने काहीच दाखवले नाही, तर सेन्सर गेला. आकडा नीट उतरत असेल, तर त्याला हात लावू नका. दोष दुसरीकडे शोधा.

काढायचाच असेल, तर आदल्या रात्री आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल टाकून ठेवा. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये; उकळते पाणी तोंडावर येते. इंजिन हात ठेवता येईल इतके कोमट झाले, की झाकण उघडून थोडे पाणी काढून घ्या. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने पितळेपेक्षा जास्त फुगते, म्हणून कोमट असताना पकड थोडी सैल होते. नेमक्या मापाचा, सहा कोनांचा गोटी पाना लावा. आधी किंचित आवळा, मग सोडवा. पाव फेरा पुढे, पुन्हा मागे, पुन्हा तेल. हातोडा लांबच ठेवा. बॉनेटखाली दिव्याची ज्योतही नको, कारण शेजारीच पेट्रोलची नळी असते.

सायलेन्सरकडच्या नळीवर बसणारा ऑक्सिजन सेन्सर पोलादी असतो आणि तो जास्तच चिकटतो. तो चालू गाडीत तपासतात. इंजिन चांगले तापले, की त्याचा व्होल्ट साधारण ०.१ ते ०.९ यांच्यामध्ये सारखा वरखाली झाला पाहिजे. तो काढण्यासाठी इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, हातमोजे घालावेत आणि वायरसाठी खाच असलेला गोटी पाना वापरावा. नवा बसवताना आटे न चिकटण्याचे मलम फक्त आट्यांनाच लावावे. टोकाला तेल किंवा मलम लागता कामा नये.

मल्टीमीटर काही फार महाग नसतो. मोटारपंपाच्या वायरीसाठी तो बऱ्याच घरी असतोही. गाडी मिस्त्रीकडे देतानाही घरचा आकडा कागदावर लिहून न्यावा. "सेन्सर बदलावा लागेल" असे कोणी म्हटले, की थंड आणि गरम इंजिनाचे आकडे विचारावेत. चांगला मिस्त्री ते आनंदाने दाखवतो.