घडणावळ

आमच्या भागात दागिना आधी तळहातावर तोलतात, मग डोळ्यांनी पाहतात. बेळगावच्या शहापुरातली सराफी पेढी असो, निपाणीचा बाजार असो की चिंचलीच्या जत्रेतले पाल असो, बाईचा हात किंचित वरखाली होतो आणि प्रश्न येतो, "किती वजनाचं?" या प्रश्नात हाव नाही. तंबाखूचा पैसा वर्षातून एकदा हाती यायचा आणि अडचणी बारा महिने यायच्या. जमीन नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, घर त्यांचे, बैलही त्यांचेच. बाईचे म्हणावे असे जे काही होते ते तिच्या अंगावर होते. पोराची फी, विहिरीचे काम, लेकीचे बाळंतपण, सगळ्याला पाटल्या नाहीतर बोरमाळ गहाण पडायची. अशा बाईने वजन विचारायचे नाही तर काय विचारायचे?

पण या हिशेबातून एक माणूस पिढ्यान्‌पिढ्या वजा होत आला आहे. दागिना घेताना घडणावळ द्यावी लागते आणि मोडताना ती परत मिळत नाही. मोडीत फक्त धातू उरतो, त्यातूनही घट कापली जाते. म्हणून खरेदीला निघालेल्या सुनेला घरातली जाणती बाई बजावते, "बारीक नक्षीचं घेऊ नको, घडणावळ बुडते." काम जितके नाजूक, तितके नुकसान जास्त. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. ते कारागिराच्या बाजूने कसे ऐकू येते, ते मी स्वतः दागिने करून विकायला लागल्यावर कळले.

माझे दागिने सोन्याचे नाहीत. सोन्याचे पाणी दिलेले पितळी मणी, काचमणी, मोती, रेशीम आणि जर. ठुशी, चिंचपेटी, वजरटीक, तन्मणी, नथ, आणि हौशी गिऱ्हाइकांसाठी कोल्हापुरी साज. मणी आणि पाने कोल्हापूरच्या गुजरीतून येतात, ओवणे आणि गाठवणे घरी होते. पूर्ण साजात एकवीस पाने असतात असे जुने लोक सांगतात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक ताइताचे. गळ्यात प्रत्यक्षात दिसतो तो बहुधा कमी पानांचा. मला मात्र पुरा साज ओवायला आवडतो. मासा, कासव, नरसिंह, एकेक पान पुढे सरकते आणि मधला मणी बसला की पान सरळ लोंबते. मणी किंचित लहानमोठा झाला तरी पान मान वाकडी करते. मग सगळे उसवायचे.

ही विद्या माझी नाही, ती पटवेकऱ्यांची. आजच्या मुलींना पटवेकरी कोण हेही सांगावे लागते. सोनार पुतळ्या, मणी, डोरले घडवून द्यायचा आणि ते सगळे सुटे असायचे. पटवेकरी ते रेशमात गाठवून द्यायचा, मागे गोंडा लावायचा, गळ्याच्या मापाने सरकणारी दोरी करायचा. पायाच्या अंगठ्याला रेशमाचा पीळ अडकवून तो काम करी. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पटवेकरी काका बसत. सणाच्या आधी बायका पुरचुंडीत दागिने घेऊन येत आणि गाठवून होईपर्यंत तिथेच बसून राहत, कारण सोने नजरेआड करायचे नसे. त्या वेळात काकांचे काम त्यांच्या डोळ्यांसमोर होई. दोन मण्यांमधली गाठ कशी मारतात, दोरा कुठे दुहेरी घेतात, झिजलेला भाग ओळखून तेवढाच कसा बदलतात, हे त्या पाहत. काकांच्या पदरचे त्यात काय असे? चार हात रेशीम. वजनात धरायचे तर काहीच नाही. तरी त्यांच्या मजुरीवर फारशी घासाघीस झालेली मला आठवत नाही. काम डोळ्यांसमोर झाले की त्याचे पैसे देताना माणूस मागेपुढे पाहत नाही, हे मी तिथे पाहिले आणि पुढे माझ्या टेबलावर पुन्हा अनुभवले. तयार माल मांडून बसले की लोक भाव पाडतात. हातात दोरा-मणी घेऊन ओवत बसले की आधी थांबतात, बघतात, मग विचारतात. म्हणून आता मी जिथे जाते तिथे काम सोबत नेते.

जत्रा आणि प्रदर्शन ही दोन वेगळी जगे आहेत. जत्रा देवाच्या तिथीला भरते. माघात चिंचलीच्या मायाक्काची, दिवाळीच्या आगेमागे आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाची, मार्गशीर्षात आणि माघात सौंदत्तीच्या यल्लम्माची. चिंचलीला सांगली-कोल्हापूरकडून अजूनही बैलगाड्या येतात, भंडाऱ्याने रस्ते पिवळे होतात. तिथे येणारी बाई नारळ, लिंबे, निवेद घेते, पोरांना पिपाणी घेते, आणि सगळ्यात शेवटी, घरच्यांची नजर जरा दुसरीकडे असताना, स्वतःसाठी काहीतरी घेते. कनवटीची गाठ सोडते. ते पैसे तिचे असतात, बिड्या वळून नाहीतर भांगलणीला जाऊन साठवलेले. एरवी घरात येणाऱ्या प्रत्येक दागिन्याला कोणाची तरी परवानगी लागते. या ठुशीला लागत नाही. ती वजन विचारत नाही, कारण ही ठुशी कधी गहाण पडणार नाही हे तिला माहीत असते. ती आरसा मागते. आरसा मागणारे गिऱ्हाईक मला सगळ्यात प्रिय. या भागात दागिना बाईने केवळ स्वतःच्या आनंदासाठी घ्यावा याला जत्रेइतकी मोकळी जागा दुसरी नाही.

भाषेचा प्रश्न तिथे येत नाही. एक जण "हे कितीला गं अक्का?" म्हणते, तिच्या शेजारची "एष्टरी?" म्हणते, आणि दोघींचे बोट एकाच बोरमाळेवर असते. बोरमाळ दोघींच्याही आजीच्या गळ्यात होती. बुगडी दोघींच्याही कानात होती. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मी मराठी आहे आणि या प्रश्नाचे दुःख घरात ऐकत वाढले आहे. वातावरण तापले की कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे एसटी थांबतात, कोल्हापूरहून येणारे मणी अडकतात, तिकडच्या प्रदर्शनात घेतलेली जागा वाया जाते. त्याचा फटका माझ्यासारखीला बसतो तसाच माझ्या शेजारी बसणाऱ्या कानडी बाईलाही बसतो. तिचा माल माझ्याकडे ठेवून ती जेवायला जाते आणि मी तिच्याकडे ठेवून.

सौंदत्तीबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. मार्गशीर्ष पौर्णिमेला तिथे देवीचे सौभाग्य उतरते. जमदग्नी मारला गेला, रेणुका म्हणजेच यल्लम्मा विधवा झाली, म्हणून तिच्या बांगड्या फुटतात. आमच्याकडे या पौर्णिमेला रांडाव पुनव म्हणतात. माघी पौर्णिमेला, अहेव पुनवेला, देवी पुन्हा हिरवा चुडा भरते. कोल्हापूरकडून भाविकांच्या गाड्याच्या गाड्या तिकडे जातात आणि कासारांच्या दुकानांत हिरव्या काचेचे ढीग लागतात. काकणासारखी क्षणात फुटणारी वस्तू किती मोठा अर्थ वाहते, हे पाहायचे तर तिथे पाहावे. पण त्याच यल्लम्माच्या नावाने लाल-पांढऱ्या मण्यांचे 'दर्शन' कोवळ्या मुलींच्या गळ्यात बांधले गेले आणि त्यांचे आयुष्य देवाच्या नावावर दुसऱ्यांच्या हवाली झाले. कर्नाटकाने १९८२ साली या देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. त्याआधीपासून आणि त्यानंतरही गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यातल्या कार्यकर्त्यांनी या बायकांसाठी फार झटून काम केले. मी लाल आणि पांढरे मणी एका दोऱ्यात ओवत नाही. गिऱ्हाइकाने रंगसंगती म्हणून मागितले तरी नाही. मणी निर्दोष असतात हे मान्य आहे, पण तो गळा ज्यांनी पाहिला आहे अशा बायका अजून या गावांत आहेत.

प्रदर्शन शहरी. बेळगावात सणांच्या आधी सभागृहांतून, मैदानांवर ती भरतात. टेबलाचे भाडे आधी भरायचे, मग दिवसभर उभे राहायचे. तिथली गिऱ्हाईक बाई शिकलेली, कमावती, चांगली पारख असलेली. तिला ठुशीची घट्ट वीण कळते, हातची आणि यंत्राची नथ ओळखता येते. आणि तीच म्हणते, "ऑनलाइन याच्या निम्म्यात मिळतं." मिळते, हे खरे आहे. साच्यातून निघालेल्या मण्यांची, गोंदाने चिकटवलेल्या खड्यांची नथ त्या भावात मिळते. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण खानापूरकडची. तिकडची मातीची भांडी आणि कौले जुन्या काळापासून नावाजलेली. ती भाजलेल्या मातीचे कानातले करते. तिला विचारतात, "मातीचेच ना? मग एवढे कसे?" चाळलेली माती, मळलेली माती, सावलीत वाळवलेली, भट्टीत काही तडकलेली, उरलेली रंगवलेली. हे सगळे ती दर वेळी शांतपणे सांगते. तिच्या जागी मी असते तर इतकी शांत राहिले नसते.

निपाणीपासून जवळच हुपरी आहे. चांदीच्या पैंजणांसाठी देशभर ओळखले जाणारे हे गाव. तिथे दागिना एका हाताचा नसतो. चांदी आटवणारा वेगळा, तार ओढणारा वेगळा, आणि कड्या जोडणे, घुंगरू लावणे, झाळणे ही कामे घराघरांतून, त्यात बायकाच जास्त. चांदी दुसऱ्याची, टंच दुसऱ्याने ठरवलेला, आपली फक्त मजुरी, तीही वजनावर. चांदीचा भाव किलोला लाखाच्या वर गेला. मजुरी त्या पटीत वर गेली नाही. उलट चांदी महागली की लोक हलके पैंजण मागतात, नाहीतर थांबतात, आणि यंत्रावर ओतलेल्या मालाची स्पर्धा आहेच. घुंगराला टाचणीएवढा डाग देताना श्वास रोखावा लागतो. दिवसभर ज्योतीपुढे वाकून डोळे चुरचुरतात. पैंजण वाजत वाजत दूरच्या शहरात जातो आणि तिथल्या दुकानाच्या पेटीवर दुकानाचे नाव असते.

हाताच्या या कसबाची पर्वा सरकारनेही एकेकाळी केली नाही. चीनच्या युद्धानंतर, १९६३ च्या जानेवारीत, सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशाला परकीय चलन हवे होते, हेतू समजण्यासारखा होता. पण सोनारांचे हात बसले, काहींनी जीव दिला. पुढे १९६८ चा कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत कित्येक घरांतली पुढची पिढी दुसऱ्या धंद्याला लागली होती. सोन्याचा साठा मोजता येतो, हातातले कसब मोजता येत नाही, म्हणून ते गेल्याची नोंद कुठे होत नाही.

मोजायचे कसे, हे निपाणीने मात्र एकदा साऱ्या देशाला दाखवले आहे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी इथल्या महामार्गावर बसले. त्या काळच्या शेतकरी चळवळीची मागणी होती ती उत्पादन खर्चावर आधारलेल्या भावाची, आणि त्या खर्चात घरच्या माणसांची मेहनतही धरावी असा आग्रह होता. गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याच सुमारास वखारींत तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बायका संघटित झाल्या, वेळेसाठी आणि मजुरीसाठी लढल्या. युगांतर या गटाने, दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली, १९८२ साली त्यांच्यावर लघुपट केला. त्यातल्या बायका आपल्या मजुरीबद्दल मान वर करून बोलतात. त्यांच्याच लेकीसुना आज माझ्याकडे मणी ओवायला येतात. बिडीच्या पानाला सवयीची बोटे बारीक मण्याला लवकर सरावतात. तंबाखूला जो हिशेब लावावा म्हणून या गावाने किंमत मोजली, तो ठुशीला का लावू नये? मला तरी याचे नकारार्थी उत्तर सापडत नाही.

म्हणून मी पावती लिहिण्याची पद्धत बदलली आहे. एका ओळीत सामान: मणी, रेशीम, जर, पॉलिश. दुसऱ्या ओळीत घडणावळ, आणि ती करणारीचे नाव. सुरुवातीला गिऱ्हाइके गोंधळली. काहींनी दागिना ठेवून दिला. काहींनी नाव वाचून विचारले, ही कुठली? बोरगावची सांगितल्यावर एक बाई म्हणाली, माझं माहेर तिकडचंच, आणि तिने भाव न करता पैसे दिले. सगळ्याजणी असे करणार नाहीत, पण विचारणाऱ्या वाढल्या आहेत.

तुम्ही सणाच्या खरेदीला बेळगावच्या एखाद्या प्रदर्शनात गेलात किंवा चिंचलीच्या पालांमधून फिरलात, तर हातच्या दागिन्यापाशी थोडे थांबा. भाव जरूर करा, तो बाजाराचा रिवाज आहे. पण आधी दोन्ही रकमा वेगळ्या सांगायला लावा, आणि जे कमी करायचे ते सामानातून करा. घडणावळ पुरी द्या.