लंडन रोडवरचा कर्ता माणूस

लंडनच्या ज्युबिली लाइनचं वायव्येकडचं शेवटचं स्टेशन म्हणजे स्टॅनमोर. बेकर स्ट्रीटला गाडी पकडली की फिंचली रोडपाशी ती बोगद्यातून वर येते आणि पुढचा सगळा प्रवास उजेडात होतो. किलबर्न, विल्सडन ग्रीन, मग डॉलिस हिल. लंडनच्या मराठी माणसाच्या तोंडी हे शेवटचं नाव सारखं येतं, कारण महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिल लेनवर आहे. वेम्ब्लीच्या स्टेडियमची कमान मागे पडली की डब्यात इंग्रजीइतकीच गुजराती कानावर येते. किंग्जबरी, क्वीन्सबरी, कॅनन्स पार्क करत गाडी रिकामी होत जाते आणि शेवटच्या फलाटावर मोजकी माणसं उतरतात.

माझी मामेबहीण, म्हणजे ताई, अनेक वर्षं स्टॅनमोरला राहते. मी ब्रिटिश पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांच्याविषयी वाचत होते, तेव्हा तिनंच फोनवर सांगितलं होतं, "अगं, ते आमच्याच गावचे. ये एकदा, घर दाखवते." शाळेच्या इतिहासात ॲटली एका वाक्यात संपले होते: मजूर पक्षाचं सरकार आलं, ॲटलींनी घोषणा केली, भारत स्वतंत्र झाला. हा माणूस चार मुलांचा बाप होता, घरखर्चाच्या चिंतेनं राजकारण सोडायच्या विचारात होता आणि ती चिंता त्यानं इथे वाहिली, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून मी इथवर आले होते.

स्टेशन रस्त्याच्या पातळीपेक्षा बरंच खाली आहे. ताईनं "सावकाश चढ" म्हणून आधीच बजावलं होतं. पायऱ्या चढून वर आलं की एखाद्या खेड्यातल्या मोठ्या घरासारखी दिसणारी कौलारू इमारत लागते आणि तिच्या दारातच लंडन रोड. ॲटलींचं 'हेवूड' हे घर याच रस्त्यावर होतं. मूळ घर आता नाही. त्या जागी हेवूड कोर्ट नावाची सदनिकांची इमारत आहे, समोर हिरवळ, कुंपणाची झुडपं, गाड्या लावायची जागा. आम्ही पदपथावर बराच वेळ उभ्या होतो. सामान आणायला निघालेल्या एका आजीबाईंनी "कुणाला शोधताय का?" असं विचारलं. ॲटलींचं नाव सांगताच त्यांनी मान डोलावली आणि त्या पुढे गेल्या.

१९३१ साली ॲटली कुटुंब इथे राहायला आलं तेव्हा ही आगगाडीसुद्धा नव्हती, ती १९३२च्या डिसेंबरात आली. ॲटली अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. लग्न उशिरा झालेलं, १९२२ साली, पत्नी व्हायोलेट त्यांच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. जॅनेट, फेलिसिटी आणि मार्टिन ही तीन मुलं, आणि ॲलिसन नुकती कुठे एक वर्षाची. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मजूर पक्षाची धूळधाण उडाली. बिनीचे जवळजवळ सगळे नेते पडले, लाइमहाउसमधून ॲटली मात्र ५५१ मतांनी कसेबसे वाचले. पक्षाचा उपनेता होण्याची वेळ त्यांच्यावर आली ती अशी, दुसरं कोणी उरलंच नव्हतं म्हणून.

पण त्या पदाला पगार नव्हता. खासदाराला वर्षाला ४०० पौंड मिळत आणि मंदीत त्यालाही कात्री लागली होती. चार मुलं, शाळा, घर हे त्यात भागवायचं. १९३३च्या अखेरीस पक्षनेते लान्सबरी पडले, त्यांच्या मांडीचं हाड मोडलं आणि बरेच महिने ॲटलींना त्यांचं काम पाहावं लागलं. म्हणजे काम दुप्पट, उत्पन्न तेवढंच, आणि लेख लिहून वरचे चार पैसे मिळवायला वेळही नाही. त्यांनी राजकारण सोडण्याचा विचार गंभीरपणे केला. तेव्हा स्टॅफर्ड क्रिप्स पुढे आले. ते श्रीमंत बॅरिस्टर होते. त्यांनी पक्षाला ५०० पौंड दिले आणि त्यातून ॲटलींना मानधन मिळेल अशी सोय झाली. १९४२ साली भारतात आले आणि १९४६ साली कॅबिनेट मिशनबरोबर पुन्हा आले ते हेच क्रिप्स. पुढे ॲटली विरोधी पक्षनेते झाले, पण त्या पदाला सरकारी पगार, वर्षाला २००० पौंड, सुरू झाला तो थेट १९३७च्या कायद्यानं. या घरानं सहा वर्षं ओढाताण सोसली.

मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे घरचा कर्ता म्हटलं की आपण त्याचा त्याग आठवतो, पण त्याची महिनाअखेरची बेरीज-वजाबाकी विसरतो. ॲटलींनी ती वजाबाकी केली आणि उत्तर जमेना तेव्हा पद सोडायची तयारी ठेवली. घराला उपाशी ठेवून देशसेवा करणारे आपण पुष्कळ पाहिले, देशसेवेवर सात पिढ्यांची सोय करणारे त्याहून अधिक. हा माणूस दोहोंतला नव्हता.

"आणि सायमन कमिशनमध्ये होते ना ते?" ताईनं विचारलं. होतेच. सात जणांच्या त्या आयोगात एकही भारतीय नव्हता. ३ फेब्रुवारी १९२८ला ते मुंबईला उतरले तेव्हा शहरात हरताळ होता, काळे झेंडे होते आणि युसुफ मेहेरअली यांची 'सायमन, गो बॅक' ही घोषणा होती. त्या दिवशी ॲटलींचा मार्टिन सहा महिन्यांचाही नव्हता. ऑक्टोबरात आयोग पुन्हा आला, पुण्यात बसला आणि २३ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष झाली. महिनाअखेर लाहोरला लाला लजपतराय यांच्यावर लाठ्या पडल्या आणि पुढच्या महिन्यात ते गेले. या सगळ्याचा डाग त्या आयोगावर आहे आणि ॲटली त्याचे सदस्य होते. पण ते पाहुण्यासारखे येऊन गेले नाहीत. भारताचा प्रश्न त्यांनी तेव्हा जो हाती घेतला तो पुढे सोडला नाही. त्यांच्या पक्षात भारताचा इतका कसून अभ्यास केलेले फार थोडे होते.

ताईचा मुलगा दहा वर्षांचा. त्याला या सगळ्यात रस नव्हता, तो बॅट हवेत फिरवत आमच्यापुढे चालला होता. मी त्याला सांगितलं की या रस्त्यावर राहणाऱ्या पंतप्रधानांनी दहा, डाउनिंग स्ट्रीटला बातम्यांचं तारयंत्र बसवू दिलं, कारण त्यावर क्रिकेटचा स्कोअर येतो हे त्यांना त्यांच्या प्रसिद्धी सल्लागारानं पटवलं होतं. तो थांबला. "मावशी, खरंच? मीटिंग चालू असताना बघायचे?" ते मला माहीत नाही म्हटलं, पण बघायचे नक्की. मग पुढचा सगळा रस्ता तो माझ्याबरोबर चालला आणि ॲटलींची मुलं इथे खेळायची का, कुठे खेळायची, अशी माझी उलटतपासणी झाली.

युद्धाच्या काळात स्टॅनमोर काही निवांत उपनगर नव्हतं. इथल्याच टेकडीवर बेंटली प्रायरी आहे, जिथून १९४०मध्ये डाउडिंग यांनी लढाऊ विमानदलाची सूत्रं हलवली. तिथे आता संग्रहालय आहे. चर्चिल यांच्या मंत्रिमंडळात असताना ॲटली आठवडाभर डाउनिंग स्ट्रीटला राहायचे आणि जमेल तेव्हा शनिवार-रविवारी घरी यायचे. २६ जुलै १९४५ला निकाल लागला, मजूर पक्षाला प्रचंड बहुमत मिळालं. चर्चिल राजवाड्यातून राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यानंतर थोड्याच वेळात एक छोटी घरगुती मोटार आत शिरली. चालवत होत्या व्हायोलेट, शेजारी नवे पंतप्रधान. १९५०च्या प्रचारातही देशभर गाडी त्यांनीच चालवली.

इथून ते कुटुंब डाउनिंग स्ट्रीटला गेलं आणि तिथल्या वरच्या मजल्यावर राहायला लागलं. त्यामुळे २० फेब्रुवारी १९४७ची घोषणा, जून १९४८पर्यंत भारत सोडायचा ही, स्टॅनमोरहून झालेली नाही. ती मुदत पुढे माउंटबॅटन यांनी ऑगस्टवर आणली, लंडननं ती मान्य केली आणि पंजाबात जे झालं ते झालं. ताईच्या सासूबाई फाळणीत लाहोर सोडून आलेल्या कुटुंबातल्या. "त्या या रस्त्यानं रोज चालायच्या," ताई म्हणाली, "पण या घराकडे कधी बघायच्या नाहीत." मी त्यांच्या बाजूनं आहे. ॲटलींचा हेतू सच्चा होता असं मी मानते, पण ती घाई त्यांच्या सरकारची होती आणि तिची किंमत दुसऱ्यांच्या घरांनी मोजली. त्यांच्या गृहस्थीपणाचं कौतुक करताना हे झाकून ठेवायचं नाही.

दुपारी चर्चकडे गेलो. सेंट जॉनच्या आवारात १६३२च्या विटांच्या चर्चचे भग्न अवशेष आहेत आणि शेजारी नवं चर्च. इथे आणखी एक पंतप्रधान विसावले आहेत, लॉर्ड ॲबर्डीन, ज्यांच्या काळात क्रिमियाचं युद्ध झालं. त्यांची पहिली पत्नी तरुणपणीच गेली आणि तिच्या तिन्ही मुली एकामागून एक गेल्या. ते आयुष्यभर शोकातच राहिले असं म्हणतात. ॲटलींच्या अस्थी मात्र वेस्टमिन्स्टर ॲबीत आहेत.

व्हायोलेट १९६४ला गेल्या, ॲटली ८ ऑक्टोबर १९६७ला. सहा वर्षांहून अधिक काळ पंतप्रधान राहिलेल्या, पुढे अर्ल झालेल्या या माणसाची मालमत्ता ७,२९५ पौंड भरली. मुलांना त्यांनी पक्षाची गादी दिली नाही आणि मतंही लादली नाहीत. मार्टिन १९८१मध्ये मजूर पक्ष सोडून नव्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेले आणि मार्टिन यांचा मुलगा जॉन लॉर्ड्सच्या सभागृहात हुजूर पक्षाच्या बाकांवर बसला. ताईला हे मी परतताना सांगितलं, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "आपल्याकडे असं झालं असतं तर घरात वाटणीच झाली असती!" मग आम्ही स्टेशनच्या पायऱ्या उतरलो. संध्याकाळी मंडळात कार्यक्रम होता, डॉलिस हिलला उतरायचं होतं.