ओहोटीचा मुहूर्त

पॅसिफिकच्या काठावर एक रात्र काढायची ठरवली की आधी चंद्र बघावा लागतो. रजा, गाडी, तंबू, सोबत कोण येणार, हे सगळं नंतर. वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य कोपऱ्यात ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानाची किनारपट्टी आहे. तिथे ओझेट तळ्यापासून केप अलावापर्यंत जंगलातून पायवाट जाते, बरीचशी लाकडी फळ्यांची. मग पुळणीने दक्षिणेला सँड पॉइंट, आणि सँड पॉइंटहून पुन्हा जंगलातून तळ्याशी. असा हा त्रिकोण. एकेक बाजू साधारण पाच किलोमीटरची. पाय चांगले असतील तर एका दिवसात उरकेल. पण मधली बाजू समुद्राची आहे. ती तो रोज दोनदा आपल्याला वापरायला देतो आणि दोनदा परत घेतो.

कोकणात हा हिशेब तोंडी असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. बेत सांगायला फोन केला तेव्हा आईने कुठे, किती लांब, वगैरे काही विचारलं नाही. "पुनवेच्या आसपास जा," म्हणाली, "सकाळी सुकती मिळेल." तिचं माहेर रत्नागिरीकडचं. मुळे आणि कालवं काढायला कधी जायचं ते तिथल्या बायकांना घड्याळ न बघता कळतं.

पाऊणकीचा हिशेब मात्र आपल्या किनाऱ्याचा आहे. बंदर बदललं की तो बदलतो. शिवाय कोकणातही दोन भरत्या अगदी सारख्या नसतात, पण इथला फरक फार मोठा. एक ओहोटी खडपं पार उघडी करून जाते आणि त्याच दिवसाची दुसरी जेमतेम उतरल्यासारखं करून माघारी वळते. चंद्र विषुववृत्तापासून जितका दूर, तितकी ही तफावत जास्त. त्यामुळे इथे नुसती वेळ कळून भागत नाही, उंचीही बघावी लागते, आणि त्यासाठी भरतीचं छापील कोष्टक लागतंच. कोष्टक वाचताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. या किनाऱ्यावर उन्हाळ्यात खोल ओहोटी सकाळी येते आणि हिवाळ्यात रात्री. म्हणजे ज्या दिवसांत माणूस इथे चालायला येऊ शकतो, त्याच दिवसांत समुद्र पहाटेच्या उजेडात वाट मोकळी करून देतो. यामागे पृथ्वीचा कललेला आस आहे हे मला ठाऊक आहे. तरी हात जोडावेसे वाटले.

एवढं ठरलं की बाकीचा बेत आपोआप जुळतो. दुपारी तळ्याशी गाडी ठेवून जंगलातून केप अलावाला जायचं आणि तिथेच मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे, पाणी उतरत असतानाच, दक्षिणेला चालू लागायचं. उन्हाळ्यात वारा बहुधा वायव्येचा, म्हणून तोही पाठीशी. सँड पॉइंटला पोचून न्याहारी, आणि मग तळ्याकडे. उद्यानाचा परवाना आधी काढावा लागतो, कारण या किनाऱ्यावर उन्हाळ्यात एका रात्री किती माणसांनी राहायचं याला मर्यादा आहे. ती मला मान्य आहे. "उठायचं आणि निघायचं, ठरवून जाण्यात काय मजा" असं म्हणणारी माणसं असतात. त्यांच्यासोबत डोंगरात जावं, समुद्राकाठी जाऊ नये.

जंगलाबद्दल मी कमी लिहिणार आहे. ते कमी प्रतीचं आहे म्हणून नव्हे. तिथे कुठलाच हिशेब मांडावा लागत नाही, म्हणून. प्रचंड लाल सीडर, सिट्का स्प्रूस, खाली सलालची दाट झुडपं आणि नेच्यांचा पसारा. पाऊस रत्नागिरीच्या तोडीचा, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, पण तो पडतो हिवाळ्यात. उन्हाळ्यात धुकं. वाटेवरच्या फळ्या ओल्या असल्या की घसरतात. तिथे कड्याकपारीत चालणाऱ्या बुटांपेक्षा मऊ तळव्याचे बूट बरे. ओढ्यांचं पाणी पाल्याच्या अर्काने कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं असतं. ते गाळून किंवा उकळून प्यायचं.

खरं थांबायचं ते केप अलावाला. इथे मकाह लोकांचं गाव होतं, ओझेट. मकाहांच्या पाच कायम वस्त्यांपैकी ही एक, सीडरच्या फळ्यांच्या लांबलचक घरांची. काही शतकांपूर्वी मागचा उतार चिखल होऊन खाली आला आणि काही घरं आतल्या सामानासकट गाडली गेली. ओल्या चिखलात हवा शिरली नाही, म्हणून लाकूड कुजलं नाही. टोपल्या, दोर, पेट्या, हार्पूनचे दांडे, सगळं जसंच्या तसं राहिलं. 1970 च्या वादळी लाटांनी काठ खचवला तेव्हा ते उघडं पडलं. मकाहांनी पुरातत्त्वज्ञ रिचर्ड डॉहर्टी यांना बोलावलं आणि पुढची अकरा वर्षं खोदकाम चाललं. कुदळ चालवली असती तर ओलं लाकूड तुटलं असतं, म्हणून पाण्याच्या फवाऱ्यांनी माती धुऊन काढली. पंचावन्न हजारांहून जास्त वस्तू निघाल्या. त्या दूरच्या कुठल्या विद्यापीठाच्या तळघरात गेल्या नाहीत. मकाहांनी नीआ बेला स्वतःचं संग्रहालय उभारलं, 1979 मध्ये. तिथे लाकडात घडवलेला देवमाशाच्या पाठीवरचा पर आहे, त्यावर समुद्री उदमांजराचे सातशेहून अधिक दात जडवलेले.

हा पर पाहायला मी वाट वाकडी करणार आहे. देवमाशाच्या शिकारीला निघण्याआधी मकाह शिकारी कित्येक महिने तयारी करत. थंड पाण्यात स्नानं, उपास, प्रार्थना. शिकारी समुद्रावर असेपर्यंत त्याची बायको घरात न हलता पडून राही, म्हणजे तिकडे देवमासाही शांत राहील. होडी आठ जणांची, एका सीडरच्या खोडातून कोरलेली. त्या तयारीपुढे माझी परवान्याची आणि कोष्टकाची धावपळ अगदीच किरकोळ आहे. पण जात तीच असावी असं मला वाटत राहतं. आपल्याहून फार मोठ्या कुणाच्या तरी दारात जायचं, तर त्याची वेळ विचारूनच जायचं.

केप अलावा आणि सँड पॉइंटच्या मध्ये वेडिंग रॉक्स आहेत. खडकांवर कोरलेली चित्रं: ऑर्का, देवमासे, चेहरे, एक शिडांचं जहाजसुद्धा. कुणाचं जहाज, ते खडक सांगत नाही. त्यांना हात लावायचा नाही, ठसे घ्यायचे नाहीत. फक्त शोधायची, कारण तिथे पाटी नाही. पाणी चढलेलं असेल तर समुद्रात घुसलेल्या टोकांना वळसा घालता येत नाही. अशा ठिकाणी जंगलातून चढून पलीकडे उतरणारी वाट शोधायची. या किनाऱ्यावर अशा वाटांची खूण म्हणजे झाडावर लावलेली लाल-काळी गोल पाटी.

आणि ही पुळण आहे तशी राहिली तीही चालण्यामुळेच. उद्यान 1938 चं, किनारपट्टी त्यात 1953 ला आली, आणि लगेच तिच्या कडेने मोटाररस्ता काढायच्या गोष्टी सुरू झाल्या. 1958 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस सत्तरेक माणसांना घेऊन केप अलावाहून रिआल्टो बीचपर्यंत पायी निघाले. बावीस मैल, तीन दिवस. रस्ता झाला नाही. न्यायमूर्तींनी पाठपिशवी घेऊन निकाल दिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

समुद्राने न मागता परत दिलं असं इथे फार थोडं आहे. बरंचसं माणसांना मुद्दाम आणावं लागलं. कातड्यासाठी मारून संपवलेली समुद्री उदमांजरं 1969 आणि 1970 मध्ये अलास्कातल्या अ‍ॅमचिट्का बेटावरून आणून या किनाऱ्यावर सोडली, एकूण 59. केल्प या समुद्री शेवाळाच्या पट्ट्यात पाठीवर पडून शिंपला फोडणारं जे दिसेल ते त्यांच्या वंशातलं. दुर्बीण त्यासाठी.

तंबू कुठे लावायचा हाही चंद्राचाच प्रश्न. पुळणीच्या वरच्या कडेला वाहून आलेल्या ओंडक्यांचा खच असतो. बसायला छान, पण उधाणाच्या लाटेत तेच ओंडके उचलले जातात आणि त्यांच्याखाली माणसं मेलेली आहेत. म्हणून तंबू झाडीत, वर. 1700 च्या 26 जानेवारीच्या रात्री या किनाऱ्याखालची जमीन सरकली, मोठा भूकंप झाला आणि त्याची लाट जपानपर्यंत गेली. तारीख आपल्याला कळली ती जपानी दप्तरांमुळे. तसं पुन्हा होऊ शकतं. त्यावर कोष्टक नाही. जमीन हलली तर सामान टाकून उंचावर पळायचं, एवढंच.

राहिला डबा. या किनाऱ्यावर खाण्याचं सगळं कडक डब्यात बंद करून ठेवणं सक्तीचं आहे. अस्वलं आहेतच, पण जास्त भीती रॅकूनची. त्यांना गाठी सोडवता येतात आणि त्यांचा वावर बहुधा रात्रीचा. वास येणारं काहीही बाहेर ठेवायचं नाही, टूथपेस्टसुद्धा. आणि एक जेवण जास्तीचं न्यायचं. कोष्टक बरोबर असतं, पण समुद्रावरून जोराचा वारा असेल आणि हवेचा दाब उतरला असेल, तर पाणी लिहिल्यापेक्षा वर येतं. टोकाशी पोचल्यावर वाट बंद दिसली आणि वरची वाटही सापडली नाही, तर कोरड्या जागी बसून पुढच्या ओहोटीची वाट बघायची. ते तास उपाशी काढायचे नाहीत. काल डबा भरून पाहिला. थालीपिठाची भाजणी, पोहे, शेंगदाणे, चहा, आईने धाडलेल्या नाचणीच्या लाडवांची पिशवी, शिवाय ते जास्तीचं जेवण. झाकण लागत नाही. पोहे काढावे लागतील.