आमचा आकडा कुणाच्या वहीत?

कोल्हापूरजवळ उचगावच्या बाजूचं आमचं ऑनलाइन किराण्याचं गोडाऊन २०२३ च्या पावसाळ्यात बंद झालं. किती जणांच्या नोकऱ्या गेल्या, असं विचारलं तर कंपनी एका हाताच्या बोटांवर मोजून सांगेल. तिच्या पगारपत्रकावर मॅनेजर, त्यांचे सहायक आणि हिशेबाचा मुलगा एवढेच होते. रॅकवरून माल काढणाऱ्या आम्ही बायका, पॅकिंगची पोरं, घरोघर पोचवणारे रायडर, वॉचमन, सगळे ठेकेदाराचे. अंगातला टी-शर्ट तेवढा कंपनीचा.

मी पिकर, म्हणजे रॅकवरून माल काढणारी, म्हणून लागले, पुढं माल उतरवून घेण्याच्या कामावर गेले. गोडाऊनमध्ये प्रत्येक खणाला नंबर असतो. हातातल्या स्कॅनरवर तो उमटला की खण गाठायचा, पाकीट स्कॅन करायचं, क्रेटमध्ये ठेवायचं. तेल तळाला, अंडी-ब्रेड सगळ्यात वर, फिनेल खाण्याच्या वस्तूंबरोबर कधीच नाही. ज्याची मुदत आधी संपते ते पुढं, नवीन माल मागं. दिवाळीआधी पोहे, डाळं, रवा यांच्या खणांकडे नंबर न बघता हात जायचा. हे कसब आहे. पगाराच्या स्लिपवर मात्र आम्ही सगळ्या ‘हेल्पर’.

जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं आणि पुण्याहून येणाऱ्या गाड्या अडकल्या. गोडाऊनमध्ये होता तेवढा तांदूळ, डाळ, दूध पावडर आम्ही पुरवून पुरवून पाठवली. जिथवर गाडी जाईल तिथवर रायडर गेले. त्या दिवसांत या पोरांना कुणी ‘ठेकेदाराची माणसं’ म्हटलं नाही.

बंद होण्याची चाहूल मालाच्या गाडीनं दिली. रोजची गाडी दिवसाआड यायला लागली, मग स्कॅनर सारखा ‘स्टॉक नाही’ म्हणू लागला. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मॅनेजरसाहेबांनी सांगितलं. त्यांनाही आदल्या रात्रीच मेल आला होता. उरलेला माल पुण्याला जाणार होता आणि तो आम्हीच भरून द्यायचा होता. दिला. रॅक जागामालकाकडेच राहणार होते, म्हणून त्यांच्यावरचे नंबरचे स्टिकर काढायला पॅकिंगमधली एक पोरगी बसली. स्टीलच्या पट्टीनं ती एकेक स्टिकर खरवडत होती आणि प्रत्येक खणापाशी तिथं काय असायचं ते पुटपुटत होती: शाबू, गूळ, हरभराडाळ.

गोडाऊन का चाललं नाही, हे आम्हाला कळत होतं. साखर-तेलात नफा मुळात थोडा, त्यात भाडं, लाइट, पेट्रोल आणि ग्राहकाला सूट. शिवाय कोल्हापुरात दुकानदार फोनवर यादी घेऊन पोऱ्याबरोबर माल घरी पाठवतो, पैसे पगाराला घेतो. तोट्याचा धंदा चालवाच, असं आमचं म्हणणं कधीच नव्हतं. असं आवरतं घेणारी आमची कंपनी एकटी नव्हती. ऑनलाइन किराणा विकणाऱ्या ग्रोफर्सनं जानेवारी २०१६ मध्ये नाशिकसह नऊ शहरं सोडली. मीशोनं ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर आणि मैसूर वगळून आपलं किराणा दुकान बंद केलं. डीमार्ट रेडीनं पाच शहरांतलं काम थांबवल्याचं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं, त्यात आपलं बेळगाव होतं. ती बातमी आली तेव्हा मी आधी माणसांचा आकडा शोधला. मी वाचलं त्यात शहरंच मोजलेली होती.

आमचं भांडण हिशेबाचं आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागायचा, वर दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. पण आमच्याकडं मधेच ठेकेदाराचं नाव बदलायचं आणि मोजणी पहिल्यापासून सुरू व्हायची. तेच गोडाऊन, तेच वडाप धरून येणं, तोच खण, आणि कागदावर आम्ही नव्या! शेवटच्या ठेकेदारानं तेच पुढं केलं: यांचे २४० दिवस कुठं भरलेत?

उत्तर पीएफच्या पासबुकात सापडलं. पॅकिंगमधल्या एका ताईंच्या मुलानं ते मोबाइलवर काढून दाखवलं. आस्थापनेचं नाव बदलत गेलेलं, पण मधला एकही महिना रिकामा नाही. मग प्रत्येकीचं पासबुक काढलं, झेरॉक्स मारल्या आणि सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज दिला. काही तारखांनंतर ठेकेदारानं आम्हा काहींना नोटिशीचा पगार दिला. वर्षांचे पैसे अजून बाकी आहेत, आणि ते घेतल्याशिवाय हिशेब मिटल्याची सही मी करणार नाही.

रायडरचं कोडं सुटलेलं नाही. त्यांना दर ऑर्डरमागे पैसे मिळायचे, पीएफ कापलाच जात नव्हता, त्यामुळं जोडायला पासबुकच नाही. पुराच्या वेळी गेलेली ती पोरं आता आपापल्या बँकेचे उतारे काढताहेत. त्यातल्या जमा रकमांखाली कुणाचं नाव आहे, ते ओळीनं लिहून काढण्याचं काम मी माझ्याकडं घेतलंय.