स्टिअरिंगखालचा गिअर

अब्बांच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा गिअर दोन सीटांच्या मधे नव्हता, स्टिअरिंगखाली डाव्या हाताला होता. मधे दांडा नसल्यामुळे पुढच्या अखंड सीटवर तिघे आरामात बसायचे. मोमिनपुऱ्यातून ताजबागला उर्साला निघालो की मागे आणखी पाच जण.

मी याच गाडीवर शिकलो. "जोर लावू नको बेटा, हाताला कळू दे," अब्बा म्हणायचे. मला मात्र घाई. एकदा भर मे महिन्यात कामठी रोडवर मी हिसका दिला आणि गिअर अडकला. मागे हॉर्नचा गोंगाट. या गाड्यांत स्टिअरिंगपासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या जातात. सांधे झिजले की त्या अडकतात. अब्बांनी बॉनेट उघडून हातानेच त्या सोडवल्या. हात भाजला, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत.

उत्तरपाड्याच्या कारखान्यात ही गाडी बनणं २०१४ मध्ये थांबलं. आमची त्याआधीच, माझ्याच हट्टामुळे, भंगारात गेली होती.

आता वर्गात एखादं पोर वाचताना अडखळलं आणि माझा आवाज चढू लागला, की अब्बांचा तो भाजलेला हात आठवतो. मग मी थांबतो.