रेड लाइन पकडा, ॲडिसनला उतरा!

शिकागोला जाऊन आलेल्या कुणाचेही फोटो बघा. एक ‘बीन’समोरचा, एक विलिस टॉवरच्या काचेवर उभं राहून काढलेला आणि एक लेक मिशिगनच्या काठावर वारा खातानाचा. झालं शिकागो! पण बॉस, तुम्ही रात्रभर मॅच बघून सकाळी लाल डोळ्यांनी ऑफिस गाठणाऱ्यांपैकी असाल, तर या शहरातला एक अख्खा दिवस फक्त खेळासाठी राखून ठेवा. तोही उन्हाळ्यातला, आणि कब्जची दुपारची होम मॅच असेल असा.

सकाळची सुरुवात जिंकणाऱ्यांपासून करू. डाउनटाउनमधून मॅडिसन स्ट्रीटची २० नंबरची बस पकडा आणि युनायटेड सेंटरला उतरा. मायकेल जॉर्डनचा हवेत झेपावलेला ब्राँझचा पुतळा इथे १९९४ मध्ये बसवला. गंमत म्हणजे तेव्हा साहेब रिटायर झाले होते! १९९५ मध्ये ते परत आले आणि बुल्सला आणखी तीन किताब मिळाले. १९९१ ते १९९८ या काळात एकूण सहा! पुतळा २०१७ पासून आतल्या काचेच्या हॉलमध्ये आहे, त्यामुळे उघडण्याची वेळ आधी बघून जा. फोटो काढा, २३ नंबरची जर्सी घ्यायची तर घ्या आणि निघा. कारण खरी मजा पुढे आहे.

डाउनटाउनला परत येऊन उत्तरेकडे जाणारी रेड लाइन पकडायची आणि ॲडिसन स्टेशनला उतरायचं. समोर चक्क वस्तीच्या मधोमध उभं आहे रिग्ली फील्ड, १९१४ चं मैदान. आजूबाजूला घरं, बार, आणि पलीकडच्या इमारतींच्या गच्चीवरही खुर्च्या लावून तिकिटं विकलेली! आउटफिल्डच्या विटांच्या भिंतीवर १९३७ मध्ये लावलेली वेल आहे. बॉल त्या पानांत अडकला की फील्डर सरळ दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. आपल्या गल्ली क्रिकेटचे नियम आठवले ना? त्याच साली बसवलेला स्कोअरबोर्ड आजही माणसं हातानं बदलतात. फ्लडलाइट्स तर आले थेट १९८८ मध्ये. अजूनही इथल्या बऱ्याच मॅच दुपारी १ वाजून २० मिनिटांनी सुरू होतात. ऑफिसला दांडी मारल्याशिवाय जमणारच नाही!

बेसबॉलमधलं काही कळत नसलं तरी बिनधास्त जा. पाहुण्या टीमनं होमरन मारला की स्टँडमध्ये आलेला तो बॉल पब्लिक ओरडून ओरडून मैदानात परत फेकायला लावतं. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं स्टेडियम उभं राहून गातं. मॅच जिंकली की स्कोअरबोर्डवर ‘डब्ल्यू’चा झेंडा चढतो, हरली की ‘एल’चा. ही पद्धत ट्रेनमधून घरी जाणाऱ्यांच्या सोयीची. खिडकीतून झेंडा दिसला की निकाल कळला!

हा ‘एल’ या लोकांनी फार पाहिला. कब्जनी १९०८ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली आणि नंतर थेट २०१६ मध्ये. १०८ वर्षं! आपण १९८३ नंतर २०११ पर्यंत, म्हणजे २८ वर्षं थांबलो, तर वानखेडेवर धोनीची ती सिक्स बघताना डोळे भरून आले होते. इथे पिढ्याच्या पिढ्या वाट बघत गेल्या. म्हणून २ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री क्लीव्हलंडमध्ये दहाव्या इनिंगनंतर ८-७ असा निकाल लागला, तेव्हा लोक नुसते नाचले नाहीत. त्यानंतरच्या दिवसांत ते खडू घेऊन रिग्लीच्या भिंतीपाशी आले आणि विटांवर नावं लिहिली. हा दिवस न बघता गेलेल्या आपल्या आई-वडिलांची, आजी-आजोबांची नावं. जागा पुरेना म्हणून हात पोचेल तिथवर!

ती अक्षरं आता नाहीत, भिंत आहे. मॅच संपल्यावर दोन मिनिटं तिथे थांबा. टीम हरायला लागली की चॅनल बदलणाऱ्या आपल्यासारख्यांना ही भिंत बरंच काही सांगते.

आता भूक लागली असेल. मिशिगन ॲव्हेन्यूच्या जिन्यानं खालच्या रस्त्यावर उतरा. तिथे बिली गोट टॅव्हर्न आहे. १९४५ मध्ये याच्या मालकाला, बिली सायानिसला, त्याच्या बोकडासकट वर्ल्ड सिरीजच्या मॅचमधून बाहेर काढलं, आणि त्यानं म्हणे कब्जना शाप दिला! बर्गर खाताना भिंतीवरचे जुने फोटो बघा. आणि हो, वाटेत कुठे शिकागो स्टाइल हॉटडॉग घेतलात, तर त्यावर केचप मागू नका. हे शहर १०८ वर्षं हार सहन करतं, पण हॉटडॉगवरचं केचप? अजिबात नाही!