पऱ्हाटीतली पांढरी जाळी

बुलढाणा जिल्हा म्हटलं की तुम्हांला शेगाव नाहीतर लोणारचं सरोवर आठवतं. आज मात्र आपण एका शेताच्या बांधावर जाऊ या.

मलकापूरला रेल्वेतून उतरा आणि बुलढाण्याची एसटी पकडा. मोताळा मागे टाकून गाडी राजूर घाट चढू लागली की खिडकीतून खाली बघा. इथली माणसं आपल्या जिल्ह्याचे सरळ दोन भाग करतात, ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’. घाटाखालची पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन म्हणजे कापसाचं माहेर. या कापसासाठीच इंग्रजांनी १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा खास फाटा टाकला होता!

संक्रांतीनंतर इथे याल, तर कापूस बहुतेक वेचून झालेला असतो. शेतात उरते पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं. पूर्वी ती चुलीत जायची. आता घरोघरी गॅस आला. शेतात तशीच उभी ठेवावी, तर गुलाबी बोंडअळी तिच्यात मुक्काम ठोकते. मग ती उपटून बांधावर ढीग करायचा आणि काडी लावायची. शेतकरीदादांना नावं ठेवू नका हं. पेरणीआधी रान मोकळं व्हायलाच हवं ना?

पण एखादा ढीग न जाळता राहतो. पावसाळ्यात त्यातली एखादी काडी उचलून साल सोलून बघा. आत पांढरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतील. हीच बुरशी! आपण जिला कुत्र्याची छत्री म्हणतो, ते नुसतं तिचं फळ. खरी बुरशी म्हणजे हे धागे. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन फार थोड्या जीवांना पचतं, काही बुरश्या त्यांतल्याच. (रानातली छत्री तोंडात मात्र घालायची नाही, बरं का!)

धिंगरी अळंबी पिकवणाऱ्यांना हे धागे चांगले ठाऊक असतात. ते कुटार भिजवतात, गरम पाण्यातून काढतात, निथळून पिशवीत भरतात आणि थरांमध्ये अळंबीचं बियाणं पेरतात. दोन-तीन आठवडे पिशवी अंधारात ठेवली की ती पांढरीफटक होते. आता पिशवी कापा. सुटं कुटार सांडत नाही, विटेसारखं उभं राहतं! धाग्यांनी ते शिवून टाकलेलं असतं. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसावर संशोधन करणारी संस्था आहे, सिरकॉट. तिने पऱ्हाटीच्या तुकड्यांवरही अळंबी पिकवून दाखवली आहे.

अमेरिकेत एबन बेयर आणि गॅव्हिन मॅकिन्टायर या दोघा तरुणांनी अळंबी उगवायच्या आधीच थांबायचं ठरवलं. २००७ साली त्यांनी इकोव्हेटिव्ह ही कंपनी काढली. शेतातला कचरा आणि बुरशी साच्यात भरायची, काही दिवस वाढू द्यायची आणि मग तापवून वाळवायची. बुरशी मरते, वाढ थांबते, आणि साच्याच्या आकाराचं हलकं, धक्के सोसणारं वेष्टन तयार! नवा टीव्ही आणला की खोक्यातून थर्माकोल निघतो ना, त्याच्या जागी हे. डेल कंपनीने २०११ साली आपले काही संगणक अशा वेष्टनातून पाठवायला सुरुवात केली. थर्माकोल वर्षानुवर्षं कुजत नाही. हे वेष्टन मोडून ओल्या मातीत घातलं, की काही आठवड्यांत त्याचं खत होऊ लागतं.

मग घाटाखाली हे का होऊ नये? अडचण बुरशीची नाही, वाहतुकीची आहे. पऱ्हाटी वजनाला हलकी, पण ट्रॉली भरून टाकते. तिचे तुकडे करायलाही यंत्र लागतं, मजूर लागतात. मजुरीचे पैसे खिशातून घालून कोण देईल? तुकडे करणारं यंत्र बांधापर्यंत आलं आणि पऱ्हाटीला क्विंटलमागे बरा भाव मिळाला, तरच काडेपेटी खिशात राहील. तोवर राजूर घाटातून संध्याकाळी खाली पाहिलंत, तर धुराच्या रेघा दिसतीलच.